फेकून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

साबण, दोन वड्या — १८. दिव्याचं तेल — ३५. चहाची पुडी — २२. पार्सल, एक — फुकट. पोस्टमनला पाणी दिलं, तेही फुकट.

पार्सलवर अक्षर भिंगरीचं. लेकीला लहानपणापासून भिंगरी म्हणतो, एका जागी टिकायची नाही म्हणून. टिकली नाहीच! शाळेत शिक्षिकेची नेमणूक हातात आलेली, ती नाकारून ऑक्टोबरात परगावी निघून गेली. कशासाठी? मैदानात तबकडी फेकायला, फ्रिस्बी म्हणे. आणि दुसऱ्यांच्या पोरांना फेकायला शिकवायला! त्या दिवशी हे म्हणाले, "या घरात तिचं नाव निघणार नाही." निघत नाही. तिची पत्रं येतात, मी वाचते आणि ठेवून देते. उत्तर नाही. काय लिहायचं?

आत एक पांढरी प्लास्टिकची तबकडी आणि एक कागद. कागदावर पेन्सिलीने माणसं काढलेली, काड्यांची. तीन फेकी, एक झेल. खाली लिहिलंय — "आई, नुसतं एकदा फेकून बघ. मग काय बोलायचं ते बोल."

मोठी आली सांगणारी! ताट म्हणावं तर काठ आत वळलेला, झाकण म्हणावं तर एकाही डब्याला बसत नाही. सगळे डबे लावून पाहिले. शेवटी पिठाच्या पातेल्यावर ठेवली. वस्तू घरात आली की तिने काम केलं पाहिजे.

वन्सं म्हणाल्या, "काय गं हे? ह्यात जेवायचं का आता?"

४ फेब्रुवारी

वन्संनी स्थळ आणलंय. ह्यांची थोरली बहीण, महिनाभर राहायला आल्यात. रिकाम्या हाताने कधी आल्या नाहीत. मुलगा वीजखात्यात, घर स्वतःचं, माणसं साधी. अट एकच — खेळबीळ चालायचा नाही. मुलाकडची माणसं २२ तारखेला आमच्याशी बोलायला येणार. बोलणं जमलं तर भिंगरीने मार्चअखेर घरी यायचं. कायमचं.

मलाही तेच हवंय. ती घरी यावी, एवढंच देवाकडे मागते रोज.

म्हणून दुपारी पत्र लिहायला बसले. "या खेळात आहे तरी काय —" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. काय आहे? मला कुठे माहीत! मी मॅट्रिक झालेली बाई आहे. माहीत नसलेलं लिहून मी एकही पेपर भरला नाही, कोरा सोडला. वाण्याने तोलून दिलेलं घरी येऊन परत तोलते, मग वहीत मांडते. आणि पोटच्या पोरीला न बघता लिहू?

ठरलं. फेकून पाहते. कागदावर जे जे आहे ते सगळं. मग लिहिते — आणि असं लिहिते की परत पार्सल पाठवायची छाती होणार नाही!

तबकडी काढून पिठावर ताटली ठेवली.

६ फेब्रुवारी

सकाळी पूजा उरकली आणि जुन्या टाकीमागच्या मोकळ्या जागेत गेले. पाणीखात्याच्या चाळीतली माणसं तिकडे फिरकत नाहीत, टाकी बंद पडल्यापासून. बरंच आहे.

पहिली उलटी फेक. तबकडी पोटाशी आणायची, अंगठा वर, चार बोटं काठाखाली, आणि पत्ते वाटल्यासारखी बाहेर सोडायची. चित्रात पाहून पाय ठेवले, डावा पुढे. फेकली. गेली टाकीवर! परत. शेवग्याच्या झाडात! परत — माझ्याच मागे! पुढे फेकलेली वस्तू मागे जाते, हा कसला खेळ? पदर खोचला, घाम पुसला, दात ओठ खात फेकत राहिले. एक म्हणून सरळ गेली नाही.

ह्यासाठी नेमणूक सोडली कार्टीने!

९ फेब्रुवारी, रविवार

आजही तेच. आणि वर साक्षीदार. शेजारची शिवणवाली वाळत घातलेली कापडं काढायला आली आणि उभीच राहिली.

"वहिनी, ताटं वाळवायची ही नवी रीत का?"

म्हटलं, "तू आपली कापडं घे आणि जा."

गेली तर ती शिवणवाली कसली! पायरीवर बसली. "फेका, फेका. सिनेमाला गेले असते तर पैसे पडले असते."

मी फेकली. तिच्या दोरीवरच्या परकराला लागून खाली आली. हसून हसून बाई वाकडी झाली. मग उठली, म्हणाली, "आणा इकडे." तिची तर माझ्याहून वाईट गेली! गटारात. तिनेच काढून धुऊन आणली, तेवढी माणुसकी आहे.

१० फेब्रुवारी

संताप! नुसता संताप!

दुपारी कागद घेऊन बसले. म्हटलं, चुकतंय कुठे? काड्यांची माणसं नीट पाहिली. आणि दिसलं. फेकणारा हात डावा आहे! तिन्ही चित्रांत. पाय चित्रातले, हात माझा उजवा — जाईल कशी सरळ? पाच दिवस मी एक अंग तिचं आणि एक अंग माझं घेऊन फेकत होते.

भिंगरी डावरी होती. होती म्हणजे, शाळेत घालताना सोडवली होती ती सवय. सोडवली होती ना! पाटीवर उजव्या हाताने, ताटात उजव्या हाताने, सगळं उजव्या हाताने. वीस वर्षं या घरात तिने डावा हात पुढे केलेला मी पाहिला नाही. आणि तिकडे जाऊन —

पोरीने एका ओळीने सांगू नये? "आई, मी डावखुरी काढलीय, तू उलट कर." तिला वाटलं असेल, आईला एवढं तर माहीत असेलच.

वन्सं विचारत होत्या, "डोळे का लाल तुझे?" म्हटलं, धूर. गॅसच्या शेगडीला कसला धूर!

१३ फेब्रुवारी

उजवा पाय पुढे. उजवा खांदा समोर. मनगट झटकलं.

सरळ गेली.

जास्त काही लिहीत नाही. एवढंच लिहिते की जाता जाता शेवटी ती थोडी थांबते हवेत. कोणी धरलेली नसते तरी. मग उतरते.

शिवणवाली ओरडली, "अगं बाई, वहिनी!" मी तिच्यावरच खेकसले, "त्यात काय ओरडायचं? झेल आधी!" झेल टाळी वाजवल्यासारखा घ्यायचा, एक तळवा खाली, एक वर. तिने टाळी वाजवली, तबकडी मधून निघून नाकाला लागली. आता हसायची पाळी माझी.

संध्याकाळी जपाला बसले. माळेवर बोटं चालली होती आणि मनगट आपोआप वळत होतं. देवापुढे! माळ ठेवून दिली. झोपायच्या आधी रागानेच पुन्हा पहिल्यापासून केली, मनगट दुसऱ्या हाताने धरून.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन बोटांची फेक. ही भलती अवघड. पहिली दोन बोटं आतून काठाला टेकवायची, अंगठा वर, कोपर कमरेशी, आणि नुसता मनगटाचा झटका. हात फेकायचा नाही. मी हात फेकते. फेकणारच, आयुष्यभर पाण्याच्या बादल्या ओढल्यात, पिळे पिळलेत, खांद्यातूनच सगळं केलंय. नुसत्या मनगटाने कोणतं काम झालंय घरात?

मधल्या बोटाची साल निघाली. सुई धरवत नाही.

हे रविवारचे सुट्टीवर. वर्तमानपत्र संपवून टाकीपर्यंत फिरत आले आणि मला पाहिलं.

"शोभतं का?"

"काय?"

"हे."

"हे म्हणजे काय? नाव घेऊन बोला."

नाव घेता येईना! तबकडी म्हटलं की पुढचं नाव भिंगरीचं निघतं, आणि ते तर बंद केलंय ह्यांनीच. उभे राहिले चष्मा पुसत. मग म्हणाले, "जेवायला उशीर नको." आणि गेले.

वेळेवर वाढलं. जेवताना वन्सं आम्हा दोघांच्या वाटचं बोलल्या.

१८ फेब्रुवारी

पत्राचा मजकूर मनात तयार होतोय. "उलटी फेक जमली, त्यात विशेष काही नाही. दोन बोटांची अर्धी जमली. बोट सोलवटणं आणि दोरीवरची कापडं पाडणं याखेरीज या खेळातून काय मिळतं ते कळव."

आता फक्त हातोडा राहिला. तेवढा झाला की लिहिते.

कागदाच्या मागे बारीक अक्षरात एक ओळ आहे, आज पाहिली. "या खेळात पंच नसतो. ज्याच्या हातून चूक होते तोच सांगतो."

शिवणवालीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग कोण सांगेल? खुळी का काय ती!" आणि लगेच पुढच्याच झेलाला — तबकडी गवताला टेकली, मग तिने उचलली. मी दुरून पाहिलं नाही नीट. "धरली!" म्हणाली. बरं, धरली. आम्ही आपापले झेल मोजत होतो, तिचा एक वाढला.

घरी येऊन आंघोळीचं पाणी काढते तर दारात ही उभी, हातात कात्री तशीच. "वहिनी, लागली होती ती खाली."

"कुठली?"

"मघाची. गिऱ्हाईकाचं माप घेत होते, इंच चुकायला लागले. कमी करा माझा एक."

म्हटलं, "एवढ्यासाठी दुकान टाकून आलीस?"

"मग? तुमच्या पोरीने लिहून ठेवलंय ना!"

आली तशी गेली. मला राग येतोय आणि कोणाचा ते कळत नाही.

२० फेब्रुवारी

हातोडा. डोक्यावरून, कुऱ्हाड मारल्यासारखा. तबकडी उलटी होते, पोट वर, आणि तशीच जाते! उताणी! पडणार पडणार म्हणता पलीकडे जाऊन उतरते.

आज वन्सं दिवसभर बोलत होत्या — परवा येणाऱ्यांना काय सांगायचं, काय नाही. "तू गप्प राहा गं. तुझं तोंड म्हणजे वाण्याचा तराजू." मग टाकीमागे जाऊन फेकले हातोडे. जीव खाऊन फेकले. जेवढा राग जास्त तेवढा लांब जातो. एक तर टाकीपलीकडे गेला, शिवणवाली धावत सुटली आणण्याकरता.

झालं. तीन फेकी, एक झेल. आता पत्र न लिहायला कारण उरलं नाही.

पेन घेतलं होतं. ठेवलं. २२ होऊन जाऊ दे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

मुलाची आई आली आणि मामा. खरंच साधी माणसं. मुलाच्या आईच्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, मला ते आवडलं. चहा झाला. वन्संनी सुरुवात केली.

"मुलगी आमची शिक्षिका. खेळ? छे हो, तो कॉलेजात होता, केव्हाच सुटला. सध्या मावशीकडे गेलीय, हवापालटाला."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कपातल्या साखरेकडे पाहत होते. सरळ माणूस! कचेरीतली पेन्सिल घरी आणली नाही कधी. आणि बसले होते, जसं काही दुसऱ्याच कोणाच्या पोरीचं चाललंय.

वन्सं पुढे — "घरकामात अशी तरबेज —"

"खाली लागली," मी म्हणाले.

मामा बूड उचलून खुर्चीखाली बघायला लागले. "काय पडलं?"

"काही नाही. तुम्ही बसा. मुलगी मावशीकडे नाही. तिला मावशीच नाही, मी एकटीच आईबापांना. ती शिक्षिका नाही, नेमणूक आली होती ती तिने सोडली. ऑक्टोबरपासून परगावी आहे. तबकडी खेळते आणि मुलांना शिकवते. खेळ सुटलेला नाही. आणि स्वयंपाक तिला येत नाही, वरण लावते ते पाण्यासारखं."

वन्संचा चेहरा पाहवेना. मुलाची आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येतो आम्ही," आणि चप्पल घालताना माझा हात धरला क्षणभर. का, ते नाही कळलं.

दार लागलं आणि वन्सं सुटल्या. "सोन्यासारखं स्थळ! तूच घालवलंस! आई आहेस की कोण!"

हे एवढंच म्हणाले, "लोकांपुढे?"

"तुमच्यापुढेच म्हणाले. लोक मधे बसले होते."

"तिला घरी आणायचं होतं ना तुला?"

"खोटं बोलून नाही."

खोलीत गेले, दार लावून घेतलं. देवासमोर बसले, पण बोलले नाही त्याच्याशी. त्यानेही ऐकलंच असेल ना सगळं.

२३ फेब्रुवारी, रविवार

भाजी — १४. किडकी निघाली अर्धी. भाजीवालीवरही ओरडून आले.

२४ फेब्रुवारी

निरोप आला! मामा स्वतः आले. मुलाच्या आईचं म्हणणं — "खरं सांगितलंत, बरं वाटलं. अशा घरची मुलगी हवी. तिने स्वतःच्या तोंडाने कळवलं की खेळ सोडला, तर आमचं नक्की. वरणाचं मी बघते."

वन्सं उभ्या उभ्या देवाच्या पाया पडल्या. मलाही हसून म्हणाल्या, "तुझ्या तराजूने वजन केलं बाई!"

मला आनंद व्हायला हवा. जे मागत होते तेच पुढ्यात आलं. आणि माझ्या तोंडून निघालेल्या खऱ्यामुळे आलं. मग देवापुढे साखर ठेवायची कशी राहून गेली?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वन्सं सकाळीच शिवणवालीच्या दुकानात गेल्या, फोन तिच्याकडे आहे. मला ओढत नेलं. पत्रातला नंबर लावला; ती राहते तिथल्या पहारेकऱ्याने भिंगरीला बोलावून आणेपर्यंत वन्संनी पंखा बंद करायला लावला, ऐकू यावं म्हणून.

सगळं सांगितलं त्यांनी. स्थळ, अट, मार्चअखेर. वाटलं होतं आता भांडेल. भिंगरी ती! मीही पदर खोचून उभी होते, ती एक बोलली की मी दोन बोलणार.

वन्सं म्हणाल्या, "शहाणी गं माझी बाय ती!" आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "हो म्हणाली!"

मी कानाला लावला. आधी नुसता श्वास. मग —

"आई, येते मी. दमले गं. खरंच. इकडे कोणी नाही माझं. बाबा बोलत नाहीत, तूही एकदा लिहिलं नाहीस. तू बरोबर होतीस. काही नाहीये या खेळात. ते ताट टाकून दे."

ती "आई? आई?" करत होती. फोन ठेवला.

मी बरोबर होते! कोणी सांगितलं हिला मी बरोबर होते? मी अजून लिहिलंच कुठे आहे! तीन आठवडे उन्हात उभी राहून, बोटं सोलून, दोरीवरचे परकर पाडून मी तोलत होते, आणि ही मला न विचारता माझ्या नावावर निकाल देऊन मोकळी! काही नाही म्हणे खेळात. उताणी जाते ती तबकडी, पडत नाही, हे काही नाही? ज्याने चूक केली त्याने येऊन सांगायचं, दुकान टाकून, कात्री हातात घेऊन — हे काही नाही?

शिवणवाली मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, ही पण खाली लागली बरं का."

वन्सं म्हणाल्या, "काय लागली?"

तिने टीप पुढे चालवली.

संध्याकाळी ह्यांना पान वाढलं आणि सांगितलं, "भिंगरी हो म्हणालीय. मनापासून नाही."

नाव काढलं मी. घरात. मोठ्याने. ह्यांचा घास हातात राहिला. वाट पाहिली, "नाव काढू नको" म्हणतील. घास ताटात परत ठेवून म्हणाले, "आवाज कसा होता?"

"दमलेला."

पाणी पिऊन हे उठले.

२६ फेब्रुवारी

सकाळच्या टपालात पत्र टाकलं. तिकीट — ५. काय लिहिलं ते असं —

"भिंगरी, येऊ नकोस. त्या लोकांना मी नकार कळवला आहे, माझ्या नावाने. 'तू बरोबर होतीस' असं मला परत म्हणू नकोस, मी तुझ्या खेळाविषयी अजून काही बोलले नव्हते. आता बोलायचं आहे, पण ते लिहून होण्यासारखं नाही. पुढच्या आठवड्यात शनिवारच्या गाडीने निघते. सराव सकाळी असतो की संध्याकाळी, आणि तुझ्या खोलीत माझं अंथरूण मावेल का, एवढं उलट टपाली कळव. — आई"